रेडिओग्रामची पाठचिकित्सा

जुन्या यंत्राविषयी आपल्याकडे सामान्यतः दोन भूमिका घेतल्या जातात. पहिली भूमिका उपयुक्ततावाद्यांची. ह्या मंडळींच्या मते जुन्या पेटीत जपण्यासारखी एकच गोष्ट असते आणि ती म्हणजे तिचे लाकूड. आतले सारे उपटून टाकावे, तेथे तळहाताएवढा तयार बोर्ड बसवावा, मोबाईलवरून गाणी लावावीत आणि पाहुण्यांनी पेटीचे कौतुक केले की ते आनंदाने स्वीकारावे. दुसरी भूमिका भाविकांची. त्यांच्या लेखी मूळ वस्तूतील एक तारही बदलणे म्हणजे पाप. यंत्र मुके असले तरी चालेल, पण ते मूळचे असले पाहिजे. ह्या दोन्ही भूमिका वरवर परस्परविरोधी दिसल्या तरी त्यांच्यात एक साम्य आहे. दोघांपैकी कोणीही यंत्र वाचत नाही. एकाला ते वाचण्याची गरज वाटत नाही आणि दुसऱ्याला ते वाचण्याचे धाडस होत नाही.

आमचे म्हणणे असे की जुना रेडिओग्राम दुरुस्त करणे हे संपादनाचे काम आहे. आणि मराठी वाचकाला संपादन म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करणारे एकनाथ आपल्या परंपरेत आहेत आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सिद्ध झाली ते पुण्यातच आहे. ग्रंथाच्या बाबतीत जो विवेक आपण शिकलो, तो लाकडी पेटीतल्या व्हॉल्व्हच्या जुळणीला लागू करण्यास काय हरकत आहे, एवढाच ह्या लेखाचा प्रश्न.

प्रथम रेडिओग्राम म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण हा शब्द ऐकलेल्यांची संख्या आता घटत चालली आहे. रेडिओ, तबकडी वाजवण्याचे यंत्र, ध्वनिवर्धक आणि कर्णे ही सर्व सामग्री ज्या एकाच लाकडी कपाटात बसवलेली असे, त्याला आपल्याकडे रेडिओग्राम म्हणत. अमेरिकेत त्याचे नाव कन्सोल. एकाच तबकडीच्या खाचेत डावा आणि उजवा असे दोन ध्वनी कोरण्याची पद्धत १९५८ च्या सुमारास बाजारात आली आणि त्यानंतरच्या कन्सोलमध्ये दोन वर्धक व दोन बाजूंना दोन कर्णे आले. हाच स्टिरिओ रेडिओग्राम. चार पायांवर उभा, वर उचलायचे झाकण, पुढे कापडी जाळी आणि मध्ये काचेची पट्टी, असे त्याचे सर्वसाधारण रूप. शहरातल्या दिवाणखान्यात तो शोभेची वस्तू होता. खेड्यात तो जेथे पोहोचला तेथे मात्र बहुधा उसाच्या पैशाने पोहोचला.

आम्ही ज्या रेडिओग्रामच्या आधारे हे लिहीत आहोत तो बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक येथील एका शेतकरी घरातला आहे. नीरा-बारामती रस्त्यावरचे हे गाव. इ.स. १८८० च्या दशकात सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने ह्या पट्ट्याची शेती बदलली, पुढे सोमेश्वर आणि माळेगाव हे सहकारी साखर कारखाने दोन बाजूंना उभे राहिले, आणि उसाचे बिल ही वर्षाच्या हिशेबातली मुख्य नोंद झाली. त्या बिलातून विहिरीवरची मोटर आली, मुलींची लग्ने झाली, आणि क्वचित एखाद्या हौशी माणसाने पुण्याहून किंवा मुंबईहून असली पेटीही आणली.

ह्या प्रदेशात रेडिओ मात्र पेटीच्या आधीच येऊन पोहोचला होता. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५५ च्या रामनवमीपासून त्या केंद्रावरून आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायणाची छप्पन्न गीते प्रसारित झाली. १९५६ साली ह्याच केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे, असा तो उपक्रम होता. तात्पर्य, ग्रामीण श्रोता हा कर्ण्यासमोर मुकाट बसणारा श्रोता नव्हता. तो ऐकून बोलणारा, प्रश्न विचारणारा होता. रेडिओग्रामकडे पाहताना ही पार्श्वभूमी विसरता कामा नये. ती पेटी श्रीमंतीची खूण होती हे खरे, पण ऐकण्याची सवय तिच्याआधी रुजलेली होती.

प्रस्तुत पेटी अनेक वर्षे बंद होती. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा कोणीच ती मागितली नाही, म्हणून ती थोरल्यांकडे राहिली, आणि पुढे पत्र्याच्या खोलीत गेली. खणात टपाल कार्यालयातून मिळणारी रेडिओ परवान्याची पुस्तिका होती. रेडिओ ऐकण्यासाठी सरकारला वार्षिक शुल्क द्यावे लागे आणि ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकून होती, हे आजच्या तरुणांना सांगूनही पटत नाही. शेजारी तबकड्यांचा गठ्ठा होता. त्यात लाखेच्या जड तबकड्या होत्या आणि प्लास्टिकच्या दीर्घ वादनाच्याही होत्या. गावातल्या एका कारागिराने पेटी उघडून पाहिली आणि सरळ सांगितले, "आप्पा, ह्यात काय राहिलं न्हाई. बोर्ड टाकून देतो, ब्लूटूथबी चालंल." त्यावर आप्पांनी विचारले, "मग पेटीच राहिली की. आतलं कुठं गेलं?" हा प्रश्न आम्हांला अत्यंत मूलगामी वाटतो. मुखपृष्ठ जुने ठेवून आतली पाने नव्या कादंबरीची घातली तर त्या ग्रंथाला आपण काय म्हणू?

आता प्रत्यक्ष चिकित्सेकडे वळू. अनेक वर्षे बंद असलेले व्हॉल्व्हचे यंत्र एकदम वीजपुरवठ्याला जोडणे हा त्याचा नाश करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. कारण यंत्रातले सगळे भाग सारख्या गतीने म्हातारे होत नाहीत. लोखंड, तांबे आणि काच टिकतात. कागद, रबर आणि ओलसर रसायने टिकत नाहीत. वीज साठवून तिचे चढउतार गुळगुळीत करणारे फिल्टर कंडेन्सर आतून वाळतात. मेणकागदाचे कंडेन्सर हवेतली ओल शोषतात आणि जेथे दाब अडवायचा तेथे तो गळू देतात. असा एक कंडेन्सर ईएल८४ ह्या अखेरच्या व्हॉल्व्हच्या जाळीपाशी बसलेला असतो. तो गळू लागला की व्हॉल्व्हमधून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहतो, आतली पट्टी लाल होते, आणि वेळीच बंद न केल्यास त्या व्हॉल्व्हबरोबर ट्रान्सफॉर्मरही जळतो. दोन-चार रुपयांच्या भागाच्या चुकीसाठी सहज न मिळणारा भाग प्राणाला मुकतो.

म्हणून पहिले काम डोळ्यांचे आणि नाकाचे. उंदरांनी कुरतडलेल्या तारा, वितळून ओघळलेले डांबर, जळका वास, पूर्वीच्या कारागिराने घातलेला विजोड भाग, हे सर्व विजेविना दिसते. त्यानंतर साधा सिरीज दिवा. तारेच्या दिव्यातून, म्हणजे जुन्या पद्धतीच्या साठ किंवा शंभर वॉटच्या बल्बमधून, यंत्राला वीज द्यायची. आत कोठे थेट जोड झाला असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र वाचते. सारे ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंदावतो. गावोगावच्या वायरमनला हे साधन ठाऊक असते. त्यासाठी पुण्याच्या तपकीर गल्लीतही जावे लागत नाही. सावधगिरी मात्र हवी. ह्या यंत्रात अडीचशे व्होल्टच्या आसपासचा एकदिश दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये काही काळ मुक्काम करतो. तो रोधातून उतरवून, मीटरने खात्री करूनच आत हात घालावा. ज्याला हे जमत नाही त्याने हे काम जाणकारावरच सोपवावे.

आणि आता मुख्य मुद्दा. स्टिरिओ यंत्राची रचना अशी असते की त्यात एकच मंडल दोनदा लिहिलेले असते, एकदा डाव्या बाजूसाठी आणि एकदा उजव्या बाजूसाठी. म्हणजे एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या एकाच दप्तरात बांधलेल्या. एक बाजू मुकी झाली आणि दुसरी वाजत असली, तर वाजणारी बाजू ही मुक्या बाजूची मार्गदर्शक ठरते. दोन्हीकडच्या एकाच ठिकाणचे व्होल्ट मोजायचे आणि शेजारी शेजारी लिहायचे. ह्या पेटीत निरोगी बाजूच्या ईएल८४ च्या कॅथोडवर साडेसात व्होल्टच्या आसपास दाब होता आणि आजारी बाजूला तो अकराच्या पुढे गेला होता. जाळीवर काहीच दाब असू नये, तेथे आजारी बाजूला काही व्होल्ट धन दाब होता. पाठभेद सापडला. तो भ्रष्ट पाठ कोठून आला हेही कळले, कारण त्याच्या मागे तोच कागदी कंडेन्सर होता. ह्यासाठी परदेशी पुस्तक लागले नाही. दोन स्तंभांची एक वही पुरली.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेने सुमारे साडेबाराशे हस्तलिखिते अभ्यासली. १९१९ साली आरंभलेले हे काम १९६६ साली पूर्ण झाले. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांनी जी तत्त्वे घालून दिली त्यांतले एक असे, की परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या परंपरा जेथे एकमताने एकच पाठ देतात तेथे तो पाठ मूळचा मानण्यास आधार मिळतो. ह्यातील 'स्वतंत्र' हा शब्द महत्त्वाचा आहे. एकाच सदोष प्रतीवरून उतरवलेल्या दहा पोथ्या एकमताने चूक सांगू शकतात. त्यांचे एकमत म्हणजे एकाच साक्षीची दहा वेळा झालेली पुनरुक्ती.

रेडिओग्राममध्ये हेच घडते. दोन्ही बाजूंना सारखाच घुमणारा आवाज येत असेल, तर दोन्ही बाजू स्वतंत्रपणे बिघडल्या असे समजून दोन्हीकडचे भाग बदलत सुटणे ही अडाणीपणाची परिसीमा होय. दोन्ही बाजू एकाच मातेच्या लेकी आहेत आणि ती माता म्हणजे वीजपुरवठ्याचा भाग. दोष तिच्यात शोधावा. येथे आणखी एक सोपी कसोटी आहे. आवाजाची कळ पूर्ण खाली करावी. घुमणे तसेच राहिले तर दोष कळीच्या पुढे, बहुधा फिल्टर कंडेन्सरमध्ये आहे. घुमणे नाहीसे झाले तर दोष कळीच्या मागे, तबकडीच्या यंत्राकडून येणाऱ्या तारेत किंवा तिच्या तुटलेल्या आवरणात आहे. एका कळीने अर्धे यंत्र संशयातून मुक्त होते. संशय असा अर्ध्या-अर्ध्याने कमी करत जाणे हाच दुरुस्तीचा प्राण आहे. भाग बदलणे ही त्याची केवळ अखेर.

तबकडीचे यंत्र हा पेटीतला सर्वांत बोलका भाग. एकावर एक रचलेल्या तबकड्या आपोआप बदलणारी त्याची यंत्रणा बहुतेक वेळा अडकलेली आढळते आणि पाहणारा ती मोडली असे ठरवून मोकळा होतो. प्रत्यक्षात ती मोडलेली नसते. तिच्यातल्या वंगणाचे काही दशकांत गोंद झालेले असते. ते गोंद पुसून, प्रत्येक सांध्याला योग्य तेवढेच नवे तेल दिले की बहुतेक हालचाली परत येतात. मोटरच्या दांड्यावरून ताटलीला फिरवणारे रबरी चाक कडक झाले असेल किंवा एके ठिकाणी चपटे झाले असेल तर स्वर हेलकावे खातो आणि गाण्याखाली गडगड ऐकू येते. ते चाक मात्र नव्याने रबर चढवून घ्यावे लागते.

सुईमागचे स्फटिक हा त्याहून अवघड प्रश्न. त्या काळातल्या स्वस्त पिकअपमध्ये रोशेल क्षाराचा स्फटिक असे. तो ओलीने विरघळतो आणि कडक उष्णतेने निकामी होतो. पत्र्याच्या खोलीतले उन्हाळे आणि पावसाळे त्याने सोसणे शक्यच नव्हते. तेथे सिरॅमिकचा पिकअप बसवण्यावाचून गत्यंतर नाही. लाखेच्या तबकडीची खाच रुंद आणि दीर्घ वादनाच्या तबकडीची अरुंद, म्हणून दोन्हींसाठी दोन वेगळ्या सुया लागतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. एकच सुई दोन्हींवर चालवणारा माणूस कोणत्या तरी एका तबकडीवर अन्याय करत असतो.

लाखेचा उल्लेख झालाच आहे तर एक योगायोग नमूद करू. जुन्या तबकडीतले बंधक द्रव्य लाख आणि पेटीच्या लाकडावरचे जुने पॉलिशही लाखेचेच. कीटकाने झाडाच्या फांदीवर तयार केलेला हा पदार्थ जगाला मुख्यतः भारतानेच पुरवला. एकीत गाणे साठवले गेले आणि दुसरीने त्या गाण्याचे घर चमकवले. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, म्हणून पेटीचे पॉलिश स्पिरिटने दुरुस्त करता येते. आणि नेमक्या त्याच कारणामुळे लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नये. तेथे ती पुसली जाईल, तिच्यातल्या गाण्यासकट.

आता प्रश्न येतो तो मर्यादेचा. काय बदलावे आणि काय बदलू नये? ह्या बाबतीत मराठी परंपरेतच दोन आदर्श आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. त्यांचा हेतू ग्रंथ पुन्हा वाचला जावा, चालता राहावा हा होता. शुद्ध केलेल्या पाठात कोणी स्वतःची भर घालू नये, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. पुढे १९०९ साली वि. का. राजवाडे ह्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. त्यांची ओढ जुन्यातल्या जुन्या रूपाकडे होती. ह्या दोन दृष्टींतला वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. ग्रंथ चालता राहावा ही एक निष्ठा आणि तो मुळात जसा होता तसा कळावा ही दुसरी, एवढे त्यातून घ्यावे. दुरुस्ती करणाऱ्याला दोन्ही निष्ठा एकाच वेळी सांभाळाव्या लागतात.

त्या सांभाळण्याची रीत सुकथनकरांच्या आवृत्तीत सापडते. मूळ संहितेत न बसणारा मजकूर त्यांनी फेकून दिला नाही. तो तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवला. संपादकाला जेथे पाठाची पूर्ण खात्री नव्हती तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली. 'येथे मी निवड केली आहे, पण शंका उरली आहे' असे वाचकाला सांगणारी ही रेघ म्हणजे विद्वत्तेतली सभ्यता आहे. रेडिओग्राम दुरुस्त करणाऱ्यानेही काढलेला प्रत्येक भाग नाव लिहून डब्यात ठेवावा, तो डबा पेटीतच असावा, आणि कोणता भाग कोठे, केव्हा, का बदलला ह्याचा कागद मागच्या फळीच्या आत चिकटवावा. धोक्याचे कागदी कंडेन्सर, वाळलेले फिल्टर, तडकलेली विजेची दोरी हे बदललेच पाहिजे, कारण तेथे जीविताचा प्रश्न आहे. चालणारा व्हॉल्व्ह, जुना झाला म्हणून, बदलू नये. व्हॉल्व्ह आज दुर्मिळ आहेत. १९६० च्या दशकात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येच ते बनत असत, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. आणि सिरॅमिकचा नवा पिकअप जेथे बसवला तेथे कागदावर नागमोडी रेघ ओढावी, कारण त्या बिंदूपासून पुढचा स्वर मूळचा नेमका कसा होता हे आपण खात्रीने सांगू शकत नाही.

ह्यावर काही आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला आक्षेप असा की एवढा खटाटोप कशासाठी? त्या पेटीतल्या दोन कर्ण्यांत अंतर जेमतेम तीन फुटांचे, त्या काळातल्या मराठी तबकड्या बहुतांशी एकमार्गी ध्वनीच्या. मग तिच्यातला स्टिरिओ हा नावापुरताच नव्हे काय? हे मान्य केले पाहिजे. आजचे बेताचे यंत्रही ह्याहून स्वच्छ आवाज देते. आम्ही रेडिओग्रामची बाजू ध्वनीच्या श्रेष्ठतेवर उभी करत नाही. 'जुन्याचा गोडवाच वेगळा' हे वाक्य आम्हांला ऐकवत नाही. जुन्या पोथीचे अक्षर छापील पुस्तकाहून वाचायला सोपे असते म्हणून आपण पोथी जपत नाही.

दुसरा आक्षेप रेडिओविषयी. ह्या पेटीच्या काचेच्या पट्टीवर दूरदूरच्या शहरांची नावे आहेत. त्या लघुलहरींवर आता फारसे काही सापडत नाही. बीबीसीची हिंदी लघुलहरी सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी बंद झाली. एफएम प्रसारण आपल्या देशात १९७७ साली मद्रासला सुरू झाले, त्यामुळे त्याआधीच्या पेट्यांत ती पट्टी नाहीच. मग जो भाग काही पकडणारच नाही तो दुरुस्त का करावा? आमचे उत्तर असे की तो वाजता करावा, पण त्यात एफएमचा तुकडा घुसवू नये. शहरांच्या नावांवरून काटा फिरवला असता ऐकू येणारी खरखर हाही एक पाठ आहे. कधीकाळी कोऱ्हाळ्याच्या घरात बसून माणसे जगाचा शोध घेत होती आणि आता त्या वाटेने कोणी बोलत नाही, हे ती खरखर सांगते. संपादकाने गळालेल्या ओवीच्या जागी स्वतःची ओवी रचायची नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. हे काम करणार कोण? व्हॉल्व्ह जाणणारी कारागिरांची पिढी मावळली, तेव्हा हे सगळे शहरी हौशी लोकांचे खूळ आहे, असे म्हटले जाते. येथे आम्ही ठामपणे असहमत आहोत. बारामती-नीरा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणबुड्या मोटरी भरून देणारी दुकाने आहेत. कमी-जास्त दाबाने मोटर जळते, ती उघडायची, वेढे मोजायचे, तारेची जाडी मापायची, तोच पाठ नव्या तांब्याने पुन्हा लिहायचा, हे काम तेथे रोज चालते. जळालेल्या वेढ्यांवरून मूळची संख्या काढणारा हा माणूस पाठचिकित्सक नव्हे तर कोण? ह्या पेटीचा वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर अशाच एका दुकानात पुन्हा भरून झाला. 'ह्यात काय राहिलं न्हाई' म्हणणाऱ्या कारागिराचेही ज्ञान कमी नव्हते. त्याला कोणी विचारलेच नव्हते, आणि विचारण्याइतका वेळ व मोबदलाही कोणी दिला नव्हता. तयार बोर्ड टाकण्याचे पैसे मिळतात. दोष शोधण्यात गेलेल्या तीन दिवसांचे मिळत नाहीत. आपण सुट्या भागांना किंमत देतो आणि निदानाला देत नाही. दुरुस्तीची कला मरते ती ह्या हिशेबामुळे. तिचा दोष कारागिराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

ह्याच ठिकाणी रेडिओग्रामचा प्रश्न एका पेटीपुरता राहत नाही. त्या काळात यंत्राच्या आत किंवा दुरुस्ती-पुस्तिकेत त्याचे मंडलचित्र मिळत असे. बनवणाऱ्याने गृहीतच धरले होते की हे कोणीतरी, कोठेतरी, कंदिलाच्या नाही तर बॅटरीच्या उजेडात उघडणार आहे. वाचता येईल असे लिहिणे ही त्याची वाचकाशी बांधिलकी होती. आजचे यंत्र चिकटवून बंद केलेले असते. त्याचे चित्र मिळत नाही, भाग मिळत नाहीत, आणि मिळाले तरी ते बसवू दिले जात नाहीत. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाला २०२२ साली समिती नेमावी लागली, ह्यातच काय ते आले. ज्या समाजाला आपल्या घरातली वस्तू उघडून वाचता येत नाही, तो वापरणारा समाज असतो, वाचणारा नव्हे. आणि वाचण्याची सवय एका क्षेत्रात गेली की ती दुसऱ्या क्षेत्रात टिकून राहील असे मानणे भाबडेपणाचे आहे.

म्हणून ह्या पेटीला आम्ही स्मारक म्हणणार नाही आणि शोभेचे कपाटही म्हणणार नाही. ती एक वाचता येण्याजोगी संहिता आहे. तिच्या मागच्या फळीच्या आत आता एक कागद आहे. त्यावर बदललेल्या भागांची यादी आहे, दोन्ही बाजूंच्या व्होल्टचे दोन स्तंभ आहेत आणि दोन ठिकाणी नागमोडी रेघ आहे. काढलेले कंडेन्सर खणात परवान्याच्या पुस्तिकेशेजारी ठेवले आहेत. पुढे कधीतरी कोणी ही पेटी पुन्हा उघडील, त्याला आमची निवड पटणार नाही, आणि तो ती बदलील. त्याला तसे करता यावे अशी सोय ठेवणे, एवढेच आमच्या काळाच्या संपादकाचे काम.